सुटायला नको

आमच्या बिल्डिंगमध्ये कुठलीही वस्तू मोकळी राहत नाही. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या आहेत, त्यातली शेवटची खुर्ची पाण्याच्या पाइपला बांधलेली आहे आणि टाकीचं झाकण टाकीला. खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याची, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराची, ट्रॉली खांबाला बांधलेली आहे, जिन्यातली मनीप्लांटची कुंडी कठड्याला. एकदा मी कोथिंबीर आणि दही घेऊन लिफ्टमध्ये शिरले, किल्ली शोधायला पिशवी क्षणभर शेजारच्या माणसाच्या हातात दिली, आणि दुसरा मजला येईपर्यंत पिशवीच्या बंदांना अशी गाठ बसली की घरी जाऊन कात्रीने पिशवी फाडून कोथिंबीर बाहेर काढावी लागली. तो शेजारचा माणूस म्हणजे मचाडो सर.

"सुटायला नको, वहिनी," मी बाहेर पडताना ते म्हणाले होते. "वारा कुणाचा सगा नाय."

लिफ्टमध्ये कसला आलाय वारा, हे विचारायची सोय नव्हती. दार बंद झालं होतं.

सेबॅस्टियन मचाडो, वसईच्या पाचूबंदरचे. गावात आणि बायकोच्या तोंडी बस्त्याव. अर्धं आयुष्य बहरीनमध्ये गेलेलं. तिथल्या गुदैबिया भागात आमच्या बरोबर डोक्यावर त्यांचा फ्लॅट, आणि मी ज्या खासगी कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसात काम करते तिथेच ते स्पोर्ट्‌स ऑफिसर. म्हणजे हा माणूस मला घरी वरून आणि ऑफिसात समोरून, असा दोन्हीकडून होता. बुटके, रुंद, बाराही महिने निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. तरुणपणी हॉकीचे गोलकीपर होते, त्याची साक्ष जिना चढताना दोन्ही गुडघे द्यायचे. आणि खिशात कायम नायलॉनची दोरी. बाप कोळी, आजा कोळी, हे जाळी विणतच मोठे झालेले. समुद्र सुटला पण बोटांची सवय सुटली नाही, असं मी समजून घ्यायचे. समजून घेणं माझ्या स्वभावात फारसं नाही, पण कोथिंबिरीनंतर दुसरा इलाज नव्हता.

त्यांची गाठ सोडवू शकणारं माणूस साऱ्या बिल्डिंगमध्ये एकच होतं, त्यांची बायको फिलोमिना. ती हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीवरून परत येताना जिन्यात जे जे बांधलेलं दिसेल ते ती चालता चालता सोडत यायची. नखाने कुठेतरी दाबायची, दुसऱ्या हाताने ओढायची, की झालं. "बस्त्याव बांधतो, मी सोडते," ती मला सांगायची, "नायतर एव्हाना आख्खं बहरीन खांबाला लावलं असतं यानं." आणि हसायची. ते हसू छतातून आमच्याकडे खाली यायचं आणि विवेक, म्हणजे माझा नवरा, टीव्हीचा आवाज वाढवायचा.

विमानं बंद होती त्या वर्षी ती गेली. तिच्याच हॉस्पिटलात, तिच्याच वॉर्डात. आम्ही सगळे दारं लावून घरात बसलो होतो. मचाडो सर एकटे गेले आणि एकटे परत आले. मुलगा कॅनडात, त्याने काय पाहिलं ते फोनवर. त्यानंतर बिल्डिंगमधल्या गाठी सुटेनाशा झाल्या, उलट वाढायला लागल्या. वॉचमन बिचारा खास सरांसाठी म्हणून खिशात चाकू बाळगायला लागला.

असं सगळं उदास पण सुरळीत चाललेलं असताना आमच्या कॉलेजात अमेरिकेहून नवे डीन आले आणि त्यांनी लॅक्रॉस आणलं.

लॅक्रॉस हा प्रकार मला तोवर माहीत नव्हता आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं. लांब दांडा, त्याच्या टोकाला एक चौकट आणि चौकटीत जाळीची झोळी. त्या झोळीत रबरी चेंडू झेलायचा, घेऊन पळायचं, आणि झोळीतूनच तो दुसऱ्याकडे नाहीतर गोलमध्ये फेकायचा. वाटेत समोरचे लोक दांड्याने हाणतात, ते नियमात बसतं. डीननी कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्यांना बोलावून व्हिडिओ दाखवला. कॉलेजच्या मुलांची टीम काढायची, आखातातल्या इतर कॉलेजांशी पहिला सीझन खेळायचा, असा त्यांचा बेत होता. मचाडो सर माझ्या शेजारी बसले होते. बराच वेळ बघून त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, ही पोरं झारे घेऊन कुठे चाललीत?"

पुढच्याच वाक्यात डीननी त्यांना कोच नेमलं.

खरं तर सरांचे इथले दिवस भरत आले होते. आमच्याकडे साठीला कॉन्ट्रॅक्ट संपतं, कॉन्ट्रॅक्ट संपलं की विझा संपतो, आणि विझा संपला की माणूस बॅग भरतो. सर येत्या जूनमध्ये साठ पूर्ण करणार होते. डीन त्यांना म्हणाले, "तुम्ही टीम उभी करा, पहिला सीझन खेळवून दाखवा, मी बोर्डाकडून तुमचं कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतो." सरांनी डीनचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तेव्हा जवळ दोरी असती तर डीनही कुठेतरी बांधले गेले असते.

या माणसाला एवढं राहायचंय कशाला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. पाचूबंदरला समुद्राकडे तोंड केलेलं पक्कं घर आहे. मुलगा कॅनडाला बोलावतोय. गुडघे गेलेत. विवेक म्हणाला, "दिनारची चटक, दुसरं काय!" मी एकदा तोंडावरच विचारलं, "सर, गावी का जात नाही? आराम करा की आता."

"गावी कोण हाय, वहिनी?"

"मग इथे कोण आहे?"

 माझ्या पर्सचा पट्टा लोंबत होता, त्याला गाठ मारून ते निघून गेले. ती पर्स अजून तशीच आहे.

टीम जमवताना सरांचे हाल झाले. बहरीनी मुलांना फुटबॉल हवा, केरळच्या मुलांना क्रिकेट हवं, आणि उरलेल्यांना मोबाइल. शेवटी सर कँटीनच्या दारात शिट्टी घेऊन उभे राहायला लागले. जो बर्गर घेऊन बाहेर पडेल तो टीममध्ये. अशा रीतीने मुहर्रकचा यूसुफ नावाचा एक धिप्पाड मुलगा हाती लागला, आणखी काही लागले, आणि आमचे चिरंजीव ईशानही लागले. ईशान त्याच वर्षी कॉलेजात गेला होता. जन्म बहरीनचा. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तोवर मी त्याला फक्त फ्रिजपर्यंत धावताना पाहिलं होतं. कसा आहे रे खेळ, असं विचारलं की म्हणायचा, "इट्स फाइन, आई." नव्या चपला, आजीचा फोन आणि पोटदुखी, सगळ्यांना त्याच्याकडे हेच उत्तर आहे.

मग ग्राउंड. कॉलेजकडे हिरवंगार टर्फ होतं, दिव्यांसकट. सरांनी ते नको म्हटलं आणि सलमाबादला गोदामांच्या मागे कॉलेजची एक मोकळी जागा पडून होती, ती मागितली. खाली दगडमाती, वर ट्रकची धूळ, एका अंगाला वेल्डिंगची वर्कशॉपं. सगळी पोरं कुरकुरली. कारण विचारलं तर सर म्हणाले, "टर्फवर चेंडू लाडावतो." डीनना हे वाक्य फार आवडलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी ते स्वतःचं म्हणून वापरलं.

शुक्रवारी इथे सुट्टी, म्हणून सकाळी चर्च, दुपारनंतर सलमाबाद. "यल्ला शबाब, झारे वर!" म्हणजे चला पोरांनो, स्टिक उचला, अशी प्रॅक्टिसची सुरुवात. पळताना हॉकीचं हिंदी, रागावताना कोळीवाड्याचं मराठी, समजावताना इंग्रजी. यूसुफला मराठी शिव्या सगळ्यांत आधी आल्या आणि तो त्या फार प्रेमाने वापरायचा. प्रॅक्टिसच्या मध्यावर पाण्याची सुट्टी. मुलं पाणी प्यायची, आणि सर पाण्याचा एक भरलेला कॅन उचलून गोदामाच्या कोपऱ्यावरून पलीकडे जायचे, ते रिकामा कॅन घेऊन परत यायचे. "ही टेक्स अ रिअली लाँग ब्रेक," ईशान म्हणाला. मला वाटलं, गाडीचा रेडिएटर असेल. सरांची गाडीही त्यांच्याच वयाची होती.

स्टिक अमेरिकेहून आल्या त्या सुट्या. दांडे वेगळे, चौकटी वेगळ्या, जाळ्या आणि दोऱ्या वेगळ्या पिशव्यांत. चौकटीत जाळी आपली आपण ओवायची असते म्हणे. डीननी व्हिडिओची लिंक पाठवली. सरांनी ती उघडलीसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना ऑफिसचं काम म्हणून जाळं विणायला सांगितलं होतं, त्यांना व्हिडिओ कशाला हवा?

गच्चीवर बैठक बसली. अमेरिकन जाळी त्यांनी बोटांत ताणून पाहिली, "हिच्यात बोंबील बी टिकायचा नाय," असा निकाल दिला आणि पिशवीसकट टाकीखाली ढकलली. मुहर्रकला जाऊन मच्छीमारांच्या दुकानातून जाड नायलॉनचा दोरा आणला. मग रोज संध्याकाळी पाइपला बांधलेल्या खुर्चीवर बसून लाकडी सुईने विणकाम सुरू. मी कपडे काढायला वर गेले की ते मान वर न करता म्हणायचे, "बघा वहिनी, गाठ बघा." मी बघायचे. मला काय कळणार? एकसारख्या होत्या सगळ्या, एवढं खरं.

ते डोल विणत होते. डोल म्हणजे वसईच्या कोळ्यांचं पिशवीसारखं भलं मोठं जाळं. भर समुद्रात रोवून ठेवतात. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आत शिरते, पिशवी पुढे पुढे अरुंद होत जाते आणि मासळीला मागे फिरता येत नाही. सरांनी डोलीचं शेपूट एकेका झाऱ्याला लावलं आणि टीमच्या हातात दिलं.

परिणाम लगेच दिसला. चेंडू कुणाच्या हातून पडेचना. इकडून तिकडून कसाही टाका, झोळीत गेला की गेलाच. सर मला जिन्यात थांबवून सांगायचे, "पडतच नाय, वहिनी! यूसुफनं काल डोळे मिटून धरला!" फिलोमिना गेल्यापासून मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. फेकण्याचं काय, असं मी विचारलं. फेकणं त्यांनी पुढच्या महिन्यावर ठेवलं होतं. "आधी धरायला शिका. सोडायला काय, कुणालाबी येतं."

कुणालाच आलं नाही. मुलगा अंगातल्या सगळ्या ताकदीने दांडा फिरवायचा आणि चेंडू झोळीतच. आणखी जोर लावला तर चेंडू बाहेर यायचा तो सरळ खाली, स्वतःच्याच पायावर. ईशानच्या नडगीवर काळेनिळे डाग बघून मी घाबरले. "कुणी मारलं रे?"

"नोबडी, आई. माय ओन बॉल."

सीझनच्या आधी एक सराव सामना ठरला. इथे नोकरीला असलेल्या अमेरिकन लोकांची एक हौशी टीम आहे, तिच्याशी. मी मुलांसाठी पोह्यांचा डबा घेऊन गेले होते. शिट्टी वाजली, चेंडू आमच्याकडे आला आणि आमच्याकडेच राहिला. यूसुफ तो घेऊन सगळ्यांना ढकलत गोलपाशी पोचला. दांडा फिरवला, चेंडू निघेना. पुन्हा फिरवला, निघेना. शेवटी दांडा, चेंडू आणि यूसुफ असे तिघेही गोलमध्ये शिरले. पंचाने खेळ थांबवून त्याची स्टिक मागितली. आडवी धरली, झोळीत चेंडू ठेवला. चेंडू खोल गेला तो चौकटीखाली पार दिसेनासा झाला. एवढी खोल झोळी नियमात बसत नाही. पंचाने दुसरी स्टिक मागितली, मग तिसरी, मग सगळ्याच. एकही बसेना. पंच सभ्य माणूस होता, त्याने सरांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. पण समोरची टीम हसली, आणि मग आमचीही हसली. ईशानही हसला. सर गळ्यातली शिट्टी ट्रॅकसूटच्या आत टाकून तसेच उभे राहिले. माझ्या हातातला पोह्यांचा डबा मला जड झाला.

पहिला खरा सामना पुढच्याच आठवड्यात होता, दुबईहून आलेल्या कॉलेजशी. डीननी सरांना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं. तोवर जाळ्या नियमात आल्या नाहीत तर टीमचं नाव मागे घेतो. सीझन नाही, म्हणजे कॉन्ट्रॅक्टही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन गच्चीवर गेले. शमाल, म्हणजे इथला वाळूचा वारा, सुटला होता, सगळीकडे पिवळट धूळ. खुर्च्या तेवढ्या हलत नव्हत्या. सर मधोमध बसले होते, भोवती सगळ्या स्टिक, मांडीवर एक चौकट आणि हातात स्वयंपाकघरातली कात्री.

"सोडवून बघितल्या," ते म्हणाले. "खेळून खेळून घट्ट झाल्यात. माझीच गाठ, मलाच सुटत नाय. फिलू सोडायची."

"मग कापा."

"जाळं कापत नाय, वहिनी. माझ्या बापाचं जाळं एकदा खडकाला अडकलं. वारा चढला, होडीत पाणी. बरोबरचे बोलत होते काप, काप. त्यानं नायच कापलं. शेवटी दुसऱ्यानं कापलं तेव्हा होडी सुटली. घरी येऊन बाप दोन दिवस जेवला नाय."

मी चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"तुम्ही विचारलं होतं, इथे कोण हाय," ते म्हणाले. "सलमाबादला गोदामांच्या मागं भिंत हाय ना, लांबलचक? ती आमची सिमेट्री. फिलू तिथं हाय."

धुळीने माझे डोळे चुरचुरत होते, की नव्हते, मला सांगता येणार नाही.

"गावी न्यायची होती. विमान मफी, एकबी नाय. फादर लांब उभे, दोन माणसं खाली सोडायला, आणि मी. तिला बोललो, तू इथं तर मी बी इथं. रोज जाऊन येतो. सदाफुली लावलीय, पाणी लागतं. आता विझा गेला की मी कोण? टूरिस्ट! टूरिस्ट कधी बायकोच्या उशाशी बसतो काय?"

दिनारची चटक म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याचा मला अशा वेळी रागसुद्धा धड आला नाही. टर्फ नको म्हणणारा हा माणूस, तो कॅन, तो माझा रेडिएटर, सगळं एकदम समजलं आणि फार वाईट वाटलं. पण मला वाईट वाटलं की माझा आवाज चढतो.

"द्या इकडे ती कात्री," मी खेकसले. "मी कापते. तुम्ही तिकडे तोंड करा."

त्यांनी मुकाट्याने तोंड फिरवलं. मी कापायला बसले. नायलॉन चिवट, कात्री बोथट. दर कापासरशी त्यांचा खांदा जरासा हलायचा. मध्येच ईशान वर आला, मागे यूसुफ आणि टीममधली आणखी दोघं. हसल्याची लाज चौघांच्याही तोंडावर होती. "सर, वी वॉच्ड ऑल द व्हिडिओज," ईशान म्हणाला आणि टाकीखालून ती अमेरिकन जाळीची पिशवी ओढून काढली. मुलं फोन समोर ठेवून ओवायला बसली. सर उठले आणि कापलेल्या जाळ्यांचे तुकडे एक एक करून गोळा करायला लागले.

"ते कशाला? टाकून द्या," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले, आणि सगळे तुकडे ट्रॅकसूटच्या खिशांत कोंबले.

सामना आम्ही हरलो. चांगलेच हरलो. पण चेंडू झोळीतून बाहेर येत होता, हीच आमच्याकडे दिवाळी. सर रेषेबाहेरून ओरडत होते, "सोड! सोड रे! मनगट ढिलं, सोड!" जन्मभर 'सुटायला नको' म्हणणाऱ्या त्या माणसाचा घसा 'सोड, सोड' करून बसला. शेवटी शेवटी ईशानने चेंडू सोडला, तो यूसुफच्या झोळीत गेला, यूसुफने सोडला आणि गोल झाला. आनंदाच्या भरात सरांनी शिट्टी वाजवली, खेळ थांबला आणि पंचाने त्यांना ताकीद दिली. ताकीद मिळताना ते हसत होते.

सीझन पुरा झाला. बरेच सामने हरलो, एक जिंकलोसुद्धा. तो एक सामना बोर्डाच्या लोकांनी येऊन पाहिला आणि ते खूश झाले. इतके खूश झाले की पुढच्या वर्षापासून टीमला अमेरिकेहून रीतसर कोच आणायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. डीननी सरांना बोलावून हे सांगितलं तेव्हा रजिस्ट्रार ऑफिसतर्फे मी तिथे होते. डीनना खरंच वाईट वाटत होतं, त्यांनी पुन्हा पुन्हा सॉरी म्हटलं. टीम बुडाली असती तर सर जाणारच होते, आणि टीम तरली म्हणूनही तेच गेले. असला न्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

"खलास," सर म्हणाले, फक्त एवढंच. खिडकीच्या पडद्याची दोरी त्यांच्या कोपरापाशी लोंबत होती. त्यांनी ती हातात घेतली, बोटांत फिरवली आणि तशीच सोडून दिली.

जूनमध्ये आम्ही त्यांना मुहर्रकला विमानतळावर पोचवायला गेलो. आखातातून कायमचा गावी निघालेला माणूस लांबूनही ओळखू येतो, त्याच्या खोक्यांवरून. ब्लँकेटं, भांडी, टीव्ही, सगळं खोक्यात, आणि खोक्याला आडवी उभी दोरी इतकी की आतलं खोकं दिसू नये. रांगेतल्या सगळ्यांची खोकी तशीच होती. मचाडो सरांच्या खोक्याला नुसती चिकटपट्टी होती आणि तीही एका कोपऱ्यात सुटत होती.

"सर, दोरी?" मी विचारलं.

"संपली, वहिनी. सगळी लागली."

कुठे लागली ते मी विचारलं नाही. विवेकने, कधी नव्हे ते, त्यांना मिठी मारली. ईशानचा दंड दाबून ते म्हणाले, "मनगट ढिलं ठेव," आणि आत गेले. तपासणीच्या यंत्रात त्यांची शिट्टी वाजली, म्हणजे यंत्र वाजलं, मग त्यांनी ती काढून ट्रेमध्ये ठेवली. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ऊन उतरल्यावर ईशान स्वयंपाकघरातून पाण्याचा कॅन भरून निघाला. कुठे, असं विचारलं तर म्हणाला, "प्रॅक्टिस." जूनमध्ये कसली प्रॅक्टिस? मी चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. त्याने गाडी सुरू केली. सलमाबादला भिंतीच्या फाटकाशी यूसुफ दुसरा कॅन घेऊन उभा होता. त्याने मला सलाम केला आणि आमच्याबरोबर आत आला.

साधी कबर होती. पांढरा दगड, वर फिलोमिनाचं नाव. उशाशी सदाफुलीचं झाड, त्याला चारपाच फुलं. आणि झाडाभोवती कुंपण. वर्कशॉपमधून आणलेल्या लोखंडी सळया रोवलेल्या, सळयांना जाळं. मी गच्चीवर कापलेले ते सगळे तुकडे त्यांनी पुन्हा एकमेकांना जोडले होते, आणि खालून वरून दोरीने आवळले होते. कात्री जिथे जिथे फिरली होती तिथे तिथे नवी गाठ होती. त्या गाठींवर हात ठेवून मी रडले. यूसुफ दुसरीकडे बघत उभा राहिला. शमाल जोरात होता, सिमेट्रीतल्या इतर फुलझाडांची पानं उडून भिंतीशी गोळा झाली होती. आमची सदाफुली जागच्या जागी होती.

"वी टेक टर्न्स," ईशान म्हणाला. "होल टीम. एव्हरी डे."

त्या सगळ्या निरगाठी होत्या, एक सोडून. कुंपणाच्या समोरच्या बाजूला एक सुरगाठ होती, एका ओढीत सुटणारी. मचाडो सरांच्या हातची सुरगाठ मी पहिल्यांदाच पाहत होते. ईशानने टोक ओढलं, जाळं बाजूला केलं आणि झाडाच्या मुळाशी हळूहळू पाणी घातलं. मग जाळं लावून त्याने गाठ पुन्हा मारली, सरांनी शिकवली असणार तशी, आणि दोनदा ओढून पाहिली.

"सुटायला नको," तो मराठीत म्हणाला, आणि कॅन उचलून फाटकाकडे चालू लागला.